सांबरशिंगाने धरलेला डूख

मित्रांनो, मला बघून तुम्ही ओळखणार नाही. दोरीच्या टोकाला बांधलेला, बोटाएवढा, काळपट आणि गुळगुळीत तुकडा पाहून तुम्हाला वाटेल, ही लाकडाची खुंटी असावी. मी लाकूड नाही. मी एका सांबराच्या शिंगाचा जुना तुकडा आहे. पुढचे ऐकण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. मला कुत्री आवडत नाहीत. आज रात्रंदिवस त्यांच्याच गोठ्यात टांगलेला असतो, त्यांच्यासाठीच राबतो, तरीही आवडत नाहीत.

त्याला कारण आहे. ज्या सांबराच्या डोक्यावर मी वाढलो, ते बिकोल नावाच्या आमच्या मुलखातल्या ज्वालामुखीच्या उतारावर, दाट रानात राहायचे. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एका सकाळी गोरियो नावाचा शिकारी आपली कुत्री घेऊन वर आला. कुत्र्यांनी आम्हाला ओढ्यापर्यंत पळवले. ओढ्यात पाय घसरला आणि सुंदांग नावाच्या कुत्र्याने गळा धरला. सुंदांग म्हणजे आमच्याकडचा मोठा कोयता. नाव बरोबर ठेवले होते. गोरियो काठावर उभा राहून मांडीवर थाप मारत हसत होता. "वा रे माझ्या वाघा!" असे म्हणून त्याने सांबराचा कान कापला आणि त्या कुत्र्याला खायला टाकला.

त्या ओढ्यात मी डूख धरला. सुंदांगवर, त्याच्या पुढे होणाऱ्या सगळ्या पिल्लांवर आणि त्या हसणाऱ्या माणसावर. पण शिंगाने डूख धरून करायचे काय? मला ना पाय, ना दात. मी नुसता मनात जळत राहिलो.

गोरियोने एक शिंग आपल्या दारावर ठोकले. दुसरे त्याने आपल्या थोरल्या बहिणीला, मानाय सिद्राला दिले. आमच्याकडे थोरल्या बाईला मानाय म्हणतात आणि थोरल्या बुवाला मानोय. सिद्रा गावची वैदीण होती. तिने करवतीने त्याचे तुकडे केले. त्यातला सर्वांत चांगला तुकडा म्हणजे मी. गुड फ्रायडेच्या दिवशी, जेव्हा गावात कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही, तेव्हा तिने मला खोबरेल तेलात उकळले, मिठात घोळले आणि निखाऱ्यांच्या राखेत पुरून ठेवले. वरून ती दिवसभर काहीतरी पुटपुटत होती. असे शिंग वर्षात त्याच एका दिवशी घडवता येते, दुसऱ्या कुठल्या दिवशी घडवले तर ते निव्वळ हाड, असे आमच्याकडे मानतात. संध्याकाळी मी राखेतून बाहेर आलो तेव्हा काळा पडलो होतो, आणि मी औषध झालो होतो.

कशावरचे औषध, सांगू? कुत्रा चावल्यावरचे.

मला तेव्हा हसू आले होते. कुत्र्यांनी मला मारले आणि आता कुत्रा चावलेली माणसे माझ्याकडे येणार! आणि खरेच आली. पायी आली, होडीतून आली, पलीकडच्या गावांतून जीपनीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लांबट प्रवासी जीपच्या, टपावर बसून आली. सिद्रा जखमेवर मला दाबून धरायची. भाजल्यामुळे माझ्या अंगाला बारीक बारीक छिद्रे पडली होती. ती रक्त शोषायची आणि मी जखमेला घट्ट चिकटून बसायचो. रक्त सुकले की गळून पडायचो. लोक म्हणायचे, "बघा, शिंग विषानं भरलं!" मग सिद्रा मला गरम पाण्यात टाकायची. माझ्यातून बुडबुडे निघायचे. लोक म्हणायचे, "बघा, विष बाहेर पडतंय!"

ते बुडबुडे हवेचे होते. मित्रांनो, मी कधीही, कोणाचेही, थेंबभरसुद्धा विष ओढले नाही. कसे ओढणार? चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसायचीच. त्यामुळे बहुतेक माणसे बरी राहायची आणि श्रेय मला मिळायचे. सिद्राच्या अंगणात कोंबड्या आणि तांदळाच्या पिशव्या येऊन पडायच्या. तिलाही माझे कौतुक होते. ती मला लाल कापडाच्या पिशवीत घालून कमरेला बांधायची आणि झोपतानासुद्धा काढायची नाही.

तिच्या कमरेला लोंबकळत असतानाच मला माझा सूड सापडला. मला काहीच करायचे नव्हते. नुसते चिकटायचे, गळून पडायचे आणि लोकांना माझ्यावर विश्वास ठेवू द्यायचा. बाकीचे आपोआप होणार होते.

त्या दिवसांत तालुक्याहून जनावरांची डॉक्टरीण बेलेन यायला लागली. वर्षातून एकदा गावच्या बास्केटबॉलच्या मैदानावर ती टेबल मांडायची, शेजारी बर्फाची पेटी ठेवायची आणि ज्याचा कुत्रा येईल त्याला सुई टोचायची. सुरुवातीला येणारे थोडेच असायचे. सिद्रा मजा बघायला जायची, म्हणून मीही जायचो.

"मानोय गोरियो, तुमची कुत्री कुठे आहेत?" डॉक्टरीण विचारायची.

"रानात."

"मागच्या वर्षीही रानातच होती."

"शिकारी कुत्री आहेत ती, बाई. घरात बसून भात चापणारी नाहीत. तुमची सुई टोचली की त्यांचं नाक मरतं. मग सांबर कोण हुंगणार, तुम्ही?"

मैदानावर हशा पिकायचा. डॉक्टरीण काही चिडायची नाही.

"नाक मरत नाही. एखादा दिवस सुस्त पडतील, बस. बरं, मोठ्यांना राहू द्या, पिल्लांना तरी आणा. दीड-दोन महिन्यांची झाली की जुलाबाच्या आणि तापाच्या रोगाची सुई सुरू करायची, थोड्या थोड्या दिवसांनी तालुक्याला आणून पुढच्या द्यायच्या. तीन महिन्यांची झाली की पिसाळण्यावरची. मग दर वर्षी पुन्हा."

"आमच्या पिल्लांचं झालंय सगळं."

"कोणी केलं?"

"माझ्या बहिणीनं," असे म्हणून गोरियो सिद्राच्या कमरेच्या पिशवीकडे बोट दाखवायचा आणि पुन्हा हशा पिकायचा.

तो थट्टा करत नव्हता. ही रीत त्यानेच काढली होती. कुत्री व्याली की तो सिद्राला बोलवायचा आणि प्रत्येक पिल्लाच्या कपाळाला मला टेकवायला लावायचा. चावल्यावर जे विष ओढते ते आधीच कपाळाला लावले तर विष शिरणारच नाही, असा त्याचा हिशेब. सिद्राने आधी नाही म्हटले होते. "मानोय म्हणतात तुला लोक, पण अक्कल काही मोठी झाली नाही," असेही ती म्हणाली होती. पण भावाच्या हट्टापुढे तिचे काही चालले नाही. पुढे पुढे गावातले इतरही आपली पिल्ले टोपलीत घालून आणायला लागले.

मी त्या मऊ, उबदार कपाळांना टेकायचो. पिल्ले मला चाटायची. ती सुंदांगची पिल्ले होती, सुंदांगचे रक्त होते. मी मनात म्हणायचो, मोठे व्हा बाळांनो, आणि सुईपासून लांब राहा.

पहिला हप्ता लवकरच मिळाला. एका पावसाळ्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागली. गोरियोच्या कुत्रीचे सबंध वेत बघता बघता आडवे झाले. ज्यांनी डॉक्टरणीकडून वेळेवर सुया घेतल्या होत्या, त्यांची पिल्ले मात्र अंगणात नाचत होती. सुंदांग आपल्या मेलेल्या पिल्लांना नाकाने ढोसत बसला होता. मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू? त्या ओढ्याचा थोडा वचपा निघाला, असे वाटले.

गोरियो म्हणाला, नजर लागली. पुढच्या वेताला त्याने मला दोनदा टेकवून घेतले.

आता आंबोची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही.

आंबो गोरियोच्या शेजारी राहायचा. आमच्याकडे केळीसारखी दिसणारी अबाकाची झाडे असतात, त्यांच्या सोपटाचे धागे ओढायचे काम तो करायचा. त्याची बायको लुमिंग त्या धाग्यांचे दोर वळायची. आंबो कधी शिकारीला गेला नाही. सांबराचे मांस वाटायला आले तर लुमिंग घ्यायची, पण तो खायचा नाही. म्हणायचा, डोळे आठवतात. त्याच्यावर माझा काडीचाही राग नव्हता. तो माझ्या यादीत कुठे नव्हताच.

गोरियोचे एक पिल्लू, चारेक महिन्यांचे, कुंपणातून आंबोकडे यायचे. एक दिवस त्याने खेळता खेळता आंबोच्या अंगठ्याला दात लावला. रक्ताचा एक ठिपका आला, एवढेच. थोड्याच दिवसांत ते पिल्लू मेले. मरताना ते भिंतीला चावत होते. गोरियोने ते डुकरांच्या खोपटामागे पुरले आणि जंत झाले होते असे सांगितले.

लुमिंग नवऱ्याला म्हणाली, "तालुक्याला जा. चावल्यावरची सुई घेऊन ये."

"पिल्लाच्या दातासाठी तालुक्याला जाऊ? लोक तोंडावर हसतील, लुमिंग."

"हसू देत. तुझं काय जातंय?"

तेवढ्यात गोरियो आला आणि हात धरून त्याला सिद्राकडे घेऊन गेला. मी अंगठ्याला चिकटलो आणि गळून पडलो. बुडबुडे निघाले. सिद्राने पथ्य सांगितले, पुढची पौर्णिमा होईपर्यंत खेकडा खायचा नाही. आंबो शिट्टी वाजवत घरी गेला.

काही आठवड्यांनी एका सकाळी लुमिंगने त्याच्यापुढे पाण्याची करवंटी ठेवली आणि तो किंचाळून मागे सरकला. त्याला पाणी बघवत नव्हते. वाऱ्याची झुळूक सोसवत नव्हती. त्याला तालुक्याला नेले, पण तोवर कोणाच्याच हातात काही राहिले नव्हते. तो शवपेटीतून परत आला. आंबोची लाळ लागली असेल म्हणून डॉक्टरीण बेलेनने लुमिंगलाही तालुक्याला नेऊन सुया द्यायला लावल्या. 

आमच्याकडे माणूस गेला की पेटी घरात ठेवून कित्येक दिवस माणसे बसतात. पत्ते खेळतात, कॉफी पितात, बिस्किटे खातात, घर एकटे सोडत नाहीत. सिद्रा कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती आणि मी तिच्या कमरेला होतो. गोरियो माडी पिऊन आला होता. तो पेटीजवळ बसून मोठ्याने म्हणाला, "शिंगानं विष ओढलं होतं. मी या डोळ्यांनी बघितलं. पण पथ्य मोडलं ना त्यानं. खेकडा खाल्ला."

"कधी?" कोणीतरी विचारले.

"पौर्णिमेच्या आधी. मला वास आला होता की कुंपणापलीकडून. नारळाच्या दुधातला, मिरच्या घालून."

"मग केला कोणी?"

 गोरियोने चुलीकडे बघितले. सगळ्यांनी चुलीकडे बघितले. तिथे लुमिंग कॉफीचे तबक घेऊन उभी होती.

तो खेकडा तिने केला होता. आंबोने मागितला होता म्हणून केला होता आणि तो बोटे चाटून जेवला होता. तिने तबक खाली ठेवले. ती रडली नाही, भांडली नाही. पण तिने गोरियोकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी ओळखली. ओढ्यात मी त्याच्याकडे तसेच पाहिले होते.

मित्रांनो, नवरा मरणे एक. त्याला तूच मारलेस असे चारचौघांत डोळ्यांनी सांगणे दुसरे.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, लोकांनी भात खाल्ला आणि सगळे उठायला लागले तेव्हा लुमिंग सिद्रापुढे जाऊन उभी राहिली. "मानाय, ते शिंग मला द्या."

सिद्राने पिशवी सोडली आणि तिच्या हातात दिली.  त्या दिवसानंतर सिद्राने कोणाच्याही जखमेला हात लावला नाही.

"वेड लागलं का दोघींना?" गोरियो ओरडला. "गावाचं औषध आहे ते!"

"औषध आहे ना, मानोय?" लुमिंग म्हणाली. "मग असू दे माझ्या घरात. पथ्य मोडणारी बाई मी. मलाच जास्त गरज लागणार."

लोकांना वाटले, ती मला समुद्रात फेकेल. तिने मला मिठाच्या बरणीत ठेवले. संध्याकाळी दोर वळायला बसली की ती कधीकधी मला बाहेर काढायची, पुढ्यात ठेवायची आणि दोराला पीळ देत माझ्याकडे बघत बसायची. "थांब," म्हणायची. "त्याचीही वेळ येईल." आमचे दोघांचे चांगले जमले. तिने माझ्यावर राग धरला होता हे मला माहीत होते, पण तिचा मोठा राग आणि माझा मोठा राग एकाच माणसावर होता.

आंबोच्या मरणाने गाव घाबरले होते. पुढच्या खेपेला डॉक्टरीण बेलेन आली तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी पिल्ले तांदळाच्या पोत्यात घालून आणली, कोणी सायकलच्या टोपलीत, एका म्हातारीने तर साडेतीन पायांचा लंगडा कुत्रा कडेवर घेऊन आणला. कुत्री बांधून आणायला लोकांनी लुमिंगचे सगळे दोर नेले. फक्त गोरियोची कुत्री आली नाहीत. आता तर तो हट्टालाच पेटला होता. सुई घेतली असती तर आंबोला कशाने मारले ते कबूल केल्यासारखे झाले असते ना! सुंदांग म्हातारा झाला होता, पण त्याच्या लेकीला नवी पिल्ले झाली होती. मी नव्हतो, म्हणून गोरियोने राखेने स्वतःच त्यांच्या कपाळावर क्रूस काढले.

आणि वेळ आली.

भर दुपार होती. लुमिंग सावलीत दोर वळत होती आणि मी बरणीत होतो. बाहेर कोणीतरी धावत येण्याचा आवाज झाला. गोरियो होता. त्याच्या खांद्यावर त्याची नात होती, तिनाय. लहानगी पोर, पडलेल्या दुधाच्या दातांच्या फटीतून बोलणारी. तिच्या मनगटातून रक्त गळत होते. राखेचा क्रूस काढलेल्या पिल्लांपैकीच एकाने चावा घेतला होता. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ते स्वतःच्या आईवरही धावून जात होते.

तो आधी सिद्राकडे गेला होता. दारावरचे शिंग उतरवतो, नवे औषध कर, असे म्हणाला होता. सिद्राने त्याला एवढेच उत्तर दिले होते, "गुड फ्रायडेला अजून अर्धं वर्ष आहे, गोरियो. तुझ्याच तोंडानं तू मला ते सांगत आलास." त्याच्याच श्रद्धेने त्याचे हात बांधले होते. घडवलेले शिंग गावात एकच होते.

"लुमिंग, शिंग दे," तो धापा टाकत म्हणाला.

लुमिंगने हातातला दोर सावकाश खाली ठेवला. ती आत आली, बरणीत हात घातला, माझ्यावरचे मीठ झटकले आणि बाहेर जाऊन तळहात उघडला.

"हेच ना?"

"हेच. लवकर दे. तुझ्या पाया पडतो."

"पथ्य काय सांगाल हिला?"

गोरियोने पोरीचे मनगट पुढे धरले.

"खेकडा चालेल का, मानोय?"

"लुमिंग, आत्ता नको..."

"मग कधी? आणि उद्या काही झालं तर कुणाच्या चुलीकडे बघाल? ही तर तुमच्याच घरात जेवते."

मित्रांनो, मी त्या तळहातावर पडून होतो आणि माझे अंग अंग ओरडत होते. दे! मला दे त्याला! मला त्या मनगटावर चिकटू दे, गळून पडू दे, बुडबुडे निघू देत आणि त्याला हसत घरी जाऊ दे. बाकीचे आपोआप होईल. सांबराचा सूड, आंबोचा सूड, एकाच फटक्यात. तिने काही वाईट केले असे कोणी म्हणूही शकणार नव्हते. त्याने मागितले, तिने दिले. याच्यापेक्षा पुरता सूड कोणाला कधी मिळाला असेल?

हे मला कळत होते तसे तिलाही कळत होते. तिने मूठ मिटली.  ती हात पुढे करायला लागली होती. अर्ध्यापर्यंत आला होता हात.

तेवढ्यात तिनाय म्हणाली, "मानाय, पाणी द्या ना. घसा सुकलाय."

लुमिंग तशीच थांबली. मग तिने माठातून करवंटी भरून पाणी आणले आणि पोरीच्या तोंडाला लावले. तिनाय घटाघट प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळले. प्यायल्यावर ती म्हणाली, "अजून." लुमिंग तिच्याकडे बघतच राहिली. याच घरात, याच करवंटीपुढे आंबो किंचाळला होता.

तिने मला अंगणात भिरकावले. मी कोंबड्यांच्या खुराड्याशी जाऊन पडलो. तिने पोरीला गोरियोच्या खांद्यावरून ओढून घेतले आणि हापशाखाली नेले.

"काय करतेस? शिंग..."

"गप्प बसा आणि हापसा मारा! साबण कुठाय? जोरात मारा!"

तिने ते मनगट साबण लावून धुतले, पुन्हा धुतले, पोर रडली तरी धुतले. गोरियो हापसा मारत होता, मारत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग लुमिंग पोरीला पोटाशी धरून रस्त्यावर धावली आणि जीपनीपुढे आडवी उभी राहिली.

चढताना गोरियो म्हणाला, "तू शिंग दिलं नाहीस."

"देणं फार सोपं होतं, मानोय. तुम्हाला कळलंही नसतं मी काय केलं ते. तुम्ही पुन्हा कुणाचा तरी खेकडा शोधला असता आणि सुखानं झोपला असता. मला तुम्ही तसे नको आहात. मला तुम्ही जिवंत हवे आहात, डोळे उघडे असलेले."

तालुक्याला चावल्यावरच्या सुया देतात, तिथे तिनायला वेळेवर सगळ्या सुया मिळाल्या. ती जगली. आज ती उंच झाली आहे आणि तिच्या मनगटावर पांढरा वण आहे. मी खुराड्याशी घाणीत पडून होतो आणि संतापाने जळत होतो. लुमिंगने मला दगा दिला, असे मला वाटत होते. मला माहीत नव्हते की तिचा सूड अजून व्हायचा आहे.

डॉक्टरीण बेलेन पुन्हा येणार त्याच्या आदल्या दिवशी लुमिंगने मला शोधून धुतले. तापवलेल्या खिळ्याने माझ्या मधोमध भोक पाडले. अबाकाचा तिने वळलेला सर्वांत जाड दोर त्यातून ओवला आणि गाठ मारली. शिंगाची मूठ असलेला दोर. सकाळी ती गोरियोच्या अंगणात गेली आणि तो दोर त्याच्यापुढे धरला.

"ओढा."

गोरियोने माझ्याकडे पाहिले. त्याने मला ओळखले. त्याने हात पुढे केला आणि मला मुठीत धरले. ओढ्याकाठी ज्या हाताने सांबराचा कान कापला, तोच हात होता.

मग निघाली वरात. म्हातारा सुंदांग, त्याची लेक, उरलेली पिल्ले, आणि पुढे मला धरून गोरियो. माडीच्या गुत्त्यापुढे बसलेल्यांनी त्याला बघितले.

"अहो मानोय, सांबर डोंगरावर असतं! इकडे नुसतं बास्केटबॉल आहे!"

"नाक सांभाळा हो कुत्र्यांचं, पडेल कुठंतरी!"

गोरियोने मान वर केली नाही. मैदानावर पोचल्यावर डॉक्टरणीने सुंदांगच्या कातड्याची चिमूट धरली आणि विचारले, "ही सगळी आधी कधी टोचलेली आहेत का?"

लुमिंग टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती. "सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

गोरियोची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की मला वाटले मी फुटणार.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. आंबोला चावलं ते पिल्लूही टोचलेलं नव्हतं. माझं होतं ते. पिसाळून मेलं, मला माहीत होतं. आंबो त्यानं मेला. खेकड्यानं नाही."

 लुमिंगने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मग ती घरी गेली. त्या रविवारी तिने नारळाच्या दुधात, मिरच्या घालून खेकडा केला आणि कुंपणापलीकडे वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या.

तेव्हापासून मी गोरियोच्या गोठ्यात टांगलेला असतो. दर वर्षी तो मला मुठीत धरतो आणि कुत्री मैदानावर ओढत नेतो. आता त्याला सांगावे लागत नाही. पिल्लांना तर तो दीड महिन्याची झाल्यापासूनच तालुक्याला नेतो. त्यांचे नाक काही मेले नाही. सुंदांगच्या एका नातीने पुढच्याच मोसमात डोंगरावर सांबर धरले. त्या दिवशी मी गोठ्यात टांगलेला होतो आणि मला त्या सांबराचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटले. माझा सूड कुठे गेला, असे मी स्वतःला विचारले.

पण गोरियोचा हात मला धरतो तेव्हा दर वेळी आंबोच्या आठवणीने त्याच्या तळव्याला घाम सुटतो. माझ्या छिद्रांतून तो घाम मी शोषतो. रक्त सोडले तर आयुष्यात मी खरोखर ओढून घेतलेली तेवढी एकच गोष्ट. मला ती पुरते.

तेव्हा मित्रांनो, मला कुत्री आवडत नाहीत, तरीही मी तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी पिल्लू असेल तर त्याच्या कपाळाला शिंग लावू नका, राख लावू नका, नवस बोलू नका. वेळेवर सुया द्या आणि दर वर्षी पुन्हा द्या. चावले तर साबणाने खूप धुवा आणि दवाखाना गाठा, पिल्लाचा दात असला तरी. माझ्यासारख्याला जखमेवर चिकटवून घरी हसत जाऊ नका. मी चिकटेन. मी नेहमी चिकटतो.

मला दोरीला बांधा आणि ओढा.